दिवेलागणीचा भार

कांहीं दिवसांपूर्वीं आम्ही पनवेलजवळ विचुंबे येथें आमच्या मावसबहिणीकडे चार दिवस मुक्कामास गेलों होतों. नवीन पनवेलला लागून असलेलें हें स्थळ आतां नांवापुरतेंच गांव राहिलें आहे. जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आज इमारतींची दाटी झाली असून, त्यांतील बहुतेक कर्ती मंडळी सकाळींच पनवेल स्टेशन गांठून मुंबईची गाडी धरते. पूर्वेकडील प्रबळगडाची कड तेवढी अद्याप जागच्या जागीं आहे.

पहिल्याच दिवशीं दिवेलागणीच्या सुमारास आम्ही सज्जांत बसलों होतों. ताईंनीं देवापुढें निरांजन लावलें, आणि जणूं त्याचीच वाट पाहत असल्याप्रमाणें समोरच्या इमारतींच्या खिडक्या एकामागून एक उजळूं लागल्या. पाठोपाठ लिफ्टची घरघर सुरू झाली. कोणाकडे मिक्सर फिरूं लागला, कोणाकडे धुण्याचें यंत्र. वरच्या मजल्यावर कोणी कचेरींतून येऊन एअर कंडिशनर लावला. आणि खालच्या हौदाजवळचा पंप असा कांहीं ओरडूं लागला कीं, ताईंना आमच्याशीं बोलण्यास आवाज चढवावा लागला.

“हा पंपच रविवारच्या सभेचा विषय आहे,” ताई म्हणाल्या. “तो संध्याकाळीं लावावा कीं दुपारीं, एवढ्यावरून महिनाभर वाद चालला आहे.”

पंप केव्हां लावावा हा प्रश्न वरवर पाहतां क्षुद्र वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं गेल्यास तो विचुंब्याच्या हौदापासून खोपोलीच्या धबधब्यापर्यंत, मुळशीच्या बुडालेल्या गांवांपर्यंत आणि रात्रीं बारा वाजतां उसास पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याच्या पायांपर्यंत जाऊन पोंचतो, असें आम्हांस आढळून आलें; म्हणून तो आमच्या वाचकांपुढें मांडावा असें वाटतें.

वीज ही धान्यासारखी नव्हे. ज्वारी सुगींत घेऊन पेवांत घातली तर आषाढांत खातां येते. वीज ज्या क्षणीं उत्पन्न होते त्याच क्षणीं ती कोणी तरी वापरली पाहिजे, आणि ज्या क्षणीं मागितली जाते त्याच क्षणीं ती कोठें तरी उत्पन्न झाली पाहिजे. तिचा सांठा करण्याचे उपाय आहेत. पण ते खर्चाचे असून त्यांची मर्यादाही मोठी नाहीं. तेव्हां दिवसाच्या चोवीस तासांपैकीं ज्या दोन-चार तासांत सगळें राज्य एकदम विजेची मागणी करतें, तेवढ्या तासांसाठीं निराळीं यंत्रें उभारून ठेवावीं लागतात. उरलेले वीस तास तीं यंत्रें अर्धवट चालतात किंवा स्वस्थ बसतात. त्यांच्या भांडवलाचें व्याज मात्र स्वस्थ बसत नाहीं. लग्नाच्या एका पंगतीसाठीं वर्षभर शंभर पाट आणि चार आचारी पदरीं बाळगावे, तसाच हा प्रकार आहे.

एकट्या महावितरण कंपनीच्या ग्राहकांची कमाल मागणी अलीकडच्या वर्षांत २५,००० मेगावॅटच्या वर गेलेली आहे. सगळ्या हिंदुस्थानची मागणी ३० मे २०२४ रोजीं अडीच लक्ष मेगावॅटपर्यंत चढली. मौजेची गोष्ट अशी कीं, ही अखिल भारतीय पराकाष्ठा भर दुपारीं झाली आणि ती पुष्कळशी सुखरूप पार पडली. कारण दुपारीं सूर्य हाच एक मोठा वीज-कारखाना होऊन बसला आहे. राजस्थान-गुजराथच्या माळरानांवर आणि आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या मुलखांत ज्या कांचेच्या पट्ट्या पसरल्या आहेत, त्या दुपारीं इतकी वीज ओततात कीं ती घेणारा शोधावा लागतो. खरी अडचण सूर्यास्तानंतर येते. हा सारा पुरवठा शून्यावर येतो, आणि नेमक्या त्याच वेळीं विचुंब्याच्या खिडक्या उजळूं लागतात. मग कोळशाचीं यंत्रें घाईघाईनें चढवावीं लागतात, धरणांचीं दारें उघडावीं लागतात, आणि तरीही तूट राहिली तर बाजारांतून वीज विकत घ्यावी लागते. २०२३ सालीं केंद्रीय आयोगानें या बाजारांतील कमाल भाव युनिटला १० रुपये ठरवून दिला. उन्हाळ्याच्या संध्याकाळीं भाव या मर्यादेस जाऊन टेकल्याचे आणि त्याच दिवशीं दुपारीं तो दोन-तीन रुपयांवर लोळत असल्याचे प्रसंग अनेक झाले आहेत. ग्राहकास मात्र दोन्ही वेळेची वीज आजवर एकाच भावानें मिळत आली. स्वस्त आणि महाग यांतील हा फरक त्याच्या देयकांत कोठेंच दिसत नसल्यामुळें पंप केव्हां लावावा हा विचार करण्याचें त्यास कारणच नव्हतें.

संध्याकाळच्या या भाराचा इतिहास विचुंब्याच्या शेजारींच घडला आहे. टाटांचें खोपोलीचें जलविद्युत् केंद्र १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं. तिन्ही तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतलीं. घाटमाथ्यावर पावसाचें पाणी तलावांत अडवावयाचें आणि तें नळांतून कोंकणांत सोडून मुंबईच्या गिरण्या चालवावयाच्या, अशी ही योजना. पाण्याच्या विजेचा एक गुण असा कीं, नळाचें तोंड उघडलें कीं ती कांहीं मिनिटांत मिळते आणि बंद केलें कीं थांबते. कोळशाच्या भट्टीस ही चपळाई नाहीं. म्हणून गिरण्यांचें महत्त्व गेलें तरी या केंद्रांचें गेलें नाहीं; गरजेच्या वेळेचा आधार म्हणून तीं राहिलीं. कोयनेचीही तीच कथा. तिची एकंदर शक्ति १,९६० मेगावॅट आहे खरी. परंतु कृष्णा पाणीतंटा लवादानें पश्चिमेकडे वळवावयाचें पाणी वर्षास सुमारें ६७.५ अब्ज घनफूट एवढें बांधून दिल्यामुळें ती अष्टौप्रहर चालवितां येत नाहीं. मोजून मापून, मुख्यतः जेव्हां राज्याची तहान अधिक असते अशाच वेळीं ती खर्चावी लागते.

हें पाणी फुकट मिळालें असें मात्र कोणी समजूं नये. मुळशीच्या धरणासाठीं मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ पासून सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं जो सत्याग्रह केला तो आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस ऐकून तरी ठाऊक असेल. ज्या मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचें केंद्र चालतें त्याच्या तळाशीं कोणाचीं तरी भातखाचरें आहेत. संध्याकाळीं सात वाजतां आपण जें बटण दाबतों त्याची किंमत पैशांपलीकडेही कोणी तरी दिलेली असते.

पुढें आणखी एक युक्ति निघाली. रात्रीं किंवा दुपारीं वीज शिल्लक असेल तेव्हां खालचें पाणी पंपानें पुन्हां वर चढवावयाचें, आणि संध्याकाळीं तेंच खालीं सोडून वीज करावयाची. चार युनिट खर्चून तीन परत मिळतात, तरी महाग वेळीं मिळत असल्यानें तो व्यवहार परवडतो. भिऱ्यास असें १५० मेगावॅटचें यंत्र आहे. शहापूरच्या बाजूस घाटघर येथें २५० मेगावॅटचें केंद्र २००८ सालीं झालें. ऑगस्ट २०२३ मध्यें राज्य सरकारनें टाटा कंपनीशीं असाच एक मोठा करार केला. पुणें जिल्ह्यांत शिरवता येथें १,८०० मेगावॅट आणि आपल्या शेजारच्या भिवपुरीस १,००० मेगावॅट, मिळून खर्च सुमारें १३,००० कोटी रुपये. एवढें मोठें भांडवल कशासाठीं, तर दुपारची वीज संध्याकाळपर्यंत नेण्यासाठीं! ताईंचा पंप जर संध्याकाळीं सात ऐवजीं दुपारीं अकरास चालला तर तेंच काम बिनभांडवलानें होतें, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. एक लक्ष घरांनीं संध्याकाळीं एक-एक किलोवॅटचें काम दुसऱ्या वेळीं केलें तर १०० मेगावॅटचा भार उतरतो. खोपोलीच्या आजच्या केंद्राची सारी शक्ति ७२ मेगावॅट आहे.

लोकांनीं आपली वेळ बदलावी म्हणून सरकारनें प्रयत्न करणें ही गोष्टही नवी नाहीं. महायुद्धाच्या काळांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध देशाचीं घड्याळें एक तास पुढें केलीं होतीं. तो हुकुमाचा मार्ग झाला. दुसरा मार्ग वीज तोडण्याचा. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत आपल्या खेड्यापाड्यांतून रोज आठ-आठ, बारा-बारा तास अंधार असे, आणि भारनियमन हा शब्द लहान मुलांच्याही तोंडीं बसला होता. ज्या घरांत तेव्हां दहावीचा मुलगा होता त्या घरांतील आईस कंदिलाची कांच पुसण्याची वेळ अजून आठवत असेल.

त्याच २००५ सालीं, वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण कंपनी निघण्याच्या सुमारास, ‘अक्षय प्रकाश’ नांवाची एक योजना महाराष्ट्रांत निघाली. आमच्या मतें तिची आठवण जितकी राहावयास हवी होती तितकी राहिली नाहीं. तिची कल्पना अगदीं साधी होती. गांवानें आपण होऊन ठरवावयाचें कीं, सायंकाळीं ५ पासून रात्रीं ११ पर्यंत दिवे, पंखे आणि दूरदर्शन यांपलीकडे कांहीं चालवावयाचें नाहीं. विहिरीवरचा पंप नाहीं, पिठाची गिरणी नाहीं, शेगडी नाहीं. गांवानें हा शब्द पाळला तर त्या वेळांत गांवाची वीज तोडावयाची नाहीं. देखरेख गांवच्याच मंडळींनीं ठेवावयाची. यांत दंड किंवा शिपाई नव्हता. एका घरानें चोरून मोटर लावली तर सगळ्या आळीचे दिवे जातील, हीच काय ती जरब! पुष्कळ गांवांनीं हा करार केला आणि पाळला. पुढें गांवठाणाच्या आणि शेतीच्या तारा वेगळ्या झाल्या, तुटवडाही ओसरला, आणि योजना मागें पडली. परंतु लोकांस हिशेब उघड दाखविला आणि त्यांचा लाभ त्यांच्या पदरांत लगेच टाकला तर ते वेळ बदलण्यास तयार असतात, एवढें तिनें दाखवून दिलें.

शेतकऱ्याचा प्रश्न मात्र उलट दिशेनें अवघड होता. शहरांचा दिवसाचा भार सांभाळावा म्हणून त्यास पिढ्यान् पिढ्या आठवड्यांतील कांहीं दिवस रात्रींची वीज देण्यांत आली. भार रात्रींवर ढकलण्याचें धोरण म्हणून हें कागदावर उत्तम होतें. परंतु त्या रात्रीं पौषाच्या थंडींत, बांधावरील साप-विंचवांतून आणि अलीकडे जुन्नर-संगमनेरकडे बिबट्याच्या भीतींतून पाणी धरावयास कोण जात होतें याचा हिशेब त्या कागदावर नव्हता. २०१७ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेनें हा क्रम फिरविण्यास आरंभ केला. गांवाच्या उपकेंद्राजवळ सूर्यावरची वीज करावयाची आणि ती तेथल्या तेथें दिवसां पंपांस द्यावयाची, असें तिचें स्वरूप. २०२३ पासून तिची दुसरी आणि फार मोठी आवृत्ति चालू झाली. भार दुपारीं सरकविणें आणि माणसास रात्रीं झोप मिळणें या दोन गोष्टी येथें एकत्र आल्या. असा योग राज्यकारभारांत फार वेळां येत नाहीं.

कारखानदारांस मात्र वेळेप्रमाणें दर हा प्रकार गेल्या वीस-पंचवीस वर्षांपासून परिचयाचा आहे. २०२५ पूर्वीं कांहीं वर्षें त्यांचा दर असा असे: रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत युनिटमागें दीड रुपया सूट, सकाळीं ९ ते १२ ऐंशी पैसे अधिक, सायंकाळीं ६ ते १० एक रुपया दहा पैसे अधिक. या आंकड्यांत एक गंमत दडलेली आहे. तेव्हां सकाळचे ९ ते १२ हे महागाचे तास होते; आज तेच तास सवलतीचे झाले आहेत. मध्यंतरीं सूर्याच्या पट्ट्या आल्या, आणि दिवसाचा भाव उलटा झाला. जून २०२३ मध्यें केंद्र सरकारनें नियम करून, मोठ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांनंतर १ एप्रिल २०२५ पासून शेतीखेरीज इतरांसही वेळेप्रमाणें दर लावावे असें ठरविलें. आणि महाराष्ट्रांत जुलै २०२५ पासून, नवें स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळांतील वापरावर युनिटमागें ८० पैशांची सूट सुरू झाली. पुढील वर्षांत ती क्रमानें एक रुपयापर्यंत जावी अशी आंखणी होती. हे दर आयोगाच्या आदेशांनीं बदलत असतात, म्हणून आमच्या वाचकभगिनींनीं आपल्या घरचें ताजें देयक पाहूनच हिशेब करावा.

हिशेब मात्र अवश्य करावा, कारण या बाबतींत अतिशयोक्ति फार चालते. ताईंचें घर महिन्यास सुमारें २०० युनिट वापरतें. त्यांपैकीं ६० युनिट दुपारच्या वेळांत आधींच जळत होते. त्यांवर कांहीं न करितां ४८ रुपये सुटले. मग ताईंनीं धुण्याचें यंत्र, इस्त्री आणि घरघंटी हीं तिन्ही दुपारीं आणलीं. त्यांनीं आणखी १५ युनिट हलले, म्हणजे १२ रुपये. बारा रुपयांसाठीं दुपारची डुलकी सोडावी कीं काय, हा प्रश्न ताईंनीं आम्हांस हंसत हंसत विचारला. परंतु तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. खरा भार ज्या वस्तूंचा आहे त्या हलत नाहींत. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला कीं एक युनिट होतो. पण स्नान सकाळींच व्हावयाचें. एअर कंडिशनर तासास सव्वा-दीड युनिट घेतो. पण उकाडा रात्रींच होतो. पंख्याचा तर येथें विचारही करूं नये. घरांत म्हातारें माणूस असेल तर मे महिन्याच्या संध्याकाळीं पंखा बंद ठेवून राज्याचा भार हलका करण्याचा उत्साह कोणीं दाखवूं नये, असें आम्ही स्पष्टच म्हणतों.

आणि यापुढचा मुद्दा आम्हांस ताईंच्या सूनबाईंनीं दाखविला. त्या मुंबईस एका कचेरींत आहेत. सकाळीं सातला जातात, रात्रीं आठला येतात. जेवणें झाल्यावर भांडीं आवरतां आवरतां त्या म्हणाल्या, “मामा, ही सवलत घरीं असणाऱ्याला आहे. माझ्या घरच्या विजेचे तास संध्याकाळीं आठला सुरू होतात. ज्या बाईच्या घरीं सासूबाई नाहींत तिनें दुपारीं अकराला कपडे कोणाकडून धुवून घ्यावेत?”

आम्ही म्हटलें कीं, घरगुती ग्राहकास संध्याकाळचा दंड तर नाहीं ना!

“आज नाहीं,” त्या म्हणाल्या. “पण कारखान्यांना आधीं सूट आली कीं आधीं दंड आला, तें तुम्हींच सांगा.”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत गर्दीच्या तासांस घरगुती दरही निदान शेंकडा दहानें अधिक असावा अशी तरतूद आहे. तेव्हां सूनबाईंची शंका निराधार म्हणतां येत नाहीं. जुन्या घरांतला दिवस सूर्याप्रमाणें चालत असे. जातें पहाटे, धुणें सकाळीं, निवडणें-टिपणें दुपारीं, आणि दिवेलागणीनंतर जड काम काढणें अशुभ मानीत. वीजतज्ज्ञ आज ज्या वेळापत्रकाची शिफारस करतात तें आमच्या आजीच्या वेळापत्रकाशीं पुष्कळसें जुळतें. परंतु तें वेळापत्रक चालत होतें तें घरांतील दोन-तीन बायका दिवसभर घरींच असत म्हणून. त्या बाहेर पडल्या, मिळवूं लागल्या, आणि घरचें काम संध्याकाळच्या दोन तासांत कोंबलें गेलें. तो संध्याकाळचा भार तारेवर दिसतो. त्याआधीं तो कोणाच्या तरी हातांवर असतो. दराची आंखणी करणाऱ्यांनीं संध्याकाळचा दंड आणण्यापूर्वीं हें ध्यानांत घ्यावें, निदान लहान वापराच्या घरांस त्यांतून वगळावें, असें आमचें मत आहे. वेळ धरून आपोआप चालणारीं धुण्याचीं यंत्रें आतां मिळतात, त्यांचा उपयोग होईल हें खरें. परंतु वाळत घालणारें यंत्र अजून विचुंब्यास आलेलें नाहीं.

सामाईक पंपाची गोष्ट मात्र निराळी. तो कोणाच्या हातांवर नाहीं. साडेसात अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारें साडेपांच किलोवॅट. रोज दोन तास चालला तर महिन्यास तीनशेंच्या वर युनिट. संस्थेच्या सामाईक जोडणीस घरगुतीच दर लागत असल्यानें, सारें पंपाचें काम दुपारीं नेल्यास महिन्यास पावणेतीनशें रुपयांच्या आंतबाहेर सुटतात, आणि संध्याकाळचा साडेपांच किलोवॅटचा भार उतरतो तो निराळाच. रविवारीं गाड्या ठेवण्याच्या जागेंत खुर्च्या मांडून सभा भरली तेव्हां एका सेवानिवृत्त गृहस्थांनीं हा हिशेब वाचून दाखविला. पहिल्या मजल्यावरच्यांचें म्हणणें पडलें कीं, दुपारीं पंपाच्या आवाजानें लहान मुलें झोपत नाहींत. सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांचें म्हणणें निराळें होतें. दुपारीं भरलेली टांकी सकाळच्या स्नानांपर्यंत पुरणार नाहीं, असें त्यांस वाटत होतें. सूनबाईंनीं सुचविलें कीं सुटतील ते पैसे जिन्यांतले दिवे बदलण्यास लावावे, कारण रात्रीं आठला येणाऱ्यांसच ते लागतात. हें मात्र एकमतानें पसार झालें.

सोमवारपासून पंप अकरास लागूं लागला. वरच्या मजल्याची भीति खरी ठरली: बुधवारीं सकाळीं पावणेसातलाच टांकी कोरडी पडली, आणि साबण लावलेले एक गृहस्थ जिन्यांत येऊन जें बोलले तें येथें देण्यासारखें नाहीं. त्याच दिवशीं ठरलें कीं, दीड तास दुपारीं आणि अर्धा तास पहाटे साडेपांचला. त्यामुळें सुटणारे पैसे दोनशेंवर आले. आम्ही निघालों त्या दिवशीं संध्याकाळीं ताईंनीं निरांजन लावलें तेव्हां खिडक्या तशाच उजळल्या, लिफ्टही घरघरली; पंप मात्र गप्प होता, आणि ताई आमच्याशीं हळू आवाजांत बोलत होत्या.